छिद्रांच्या जाळीची अतिसंवाहक फिल्म: रोधातले खळगे कुठे पडतात, का पडतात आणि तिसरा का दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या एका एम.एस्सी. प्रकल्पासाठी सिलिकॉनवर नायोबियम या अतिसंवाहक (ठराविक तापमानाखाली रोध शून्य होणाऱ्या) धातूची ५० नॅनोमीटर जाडीची फिल्म घेतली. राज्याबाहेरच्या एका सुविधेतून ई-बीम लिथोग्राफीने (इलेक्ट्रॉनांच्या झोताने नक्षी लिहून) तिच्यात छिद्रं पाडून आणली. जाळी चौकोनी, दोन छिद्रांच्या केंद्रांतलं अंतर ४०० नॅनोमीटर, छिद्राचा व्यास १८०. टीसी, म्हणजे रोध निम्म्यावर येतो ते तापमान, ८.६ केल्विन. ८.५ केल्विनला चुंबकीय क्षेत्र बदलत रोध मोजला तर पहिला खळगा, म्हणजे रोधातली घट, एका बाजूला +१४.६ आणि दुसऱ्या बाजूला −११.३ मिलिटेस्लाला येतो, हिशेबाने १२.९ यायला हवा. दुसरा खळगा उथळ आहे, तिसरा नाहीच. ८.२ केल्विनला रोध सरळ शून्य. हे पिनिंग (चुंबकीय भोवरे छिद्रांत अडकणं) म्हणायचं की लिटल–पार्क्स (टीसीच वरखाली होणं)? आणि असं सॅम्पल गोव्यातच तयार करता येईल का?

आधी आकड्यांचं बघू, कारण तुमचे आकडे बरोबर आहेत. फक्त शून्य सरकलंय. फ्लक्स क्वांटम (अतिसंवाहकात चुंबकीय फ्लक्स ज्या ठरलेल्या एककांत येतो ते एकक) लक्षात ठेवायची सोयीची रीत म्हणजे २.०६८ मिलिटेस्ला गुणिले एक चौरस मायक्रोमीटर. जाळीच्या एका घराचं क्षेत्रफळ ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ०.१६ चौरस मायक्रोमीटर. भागाकार १२.९२ मिलिटेस्ला. हे पहिलं मॅचिंग फील्ड, दर छिद्रामागे एक फ्लक्स क्वांटम. आता तुमचे दोन खळगे घ्या: त्यांच्यातलं अंतर २५.९, त्याचं अर्ध १२.९५. हिशेबाशी फरक पाव टक्क्याच्या आसपास, याहून चांगलं जुळणं मागू नये. म्हणजे खरं शून्य तुमच्या वाचनात +१.६५ मिलिटेस्लाला आहे. पडताळायचं तर दुसरे खळगे अंदाजे +२७.५ आणि −२४.२ ला आहेत का ते पाहा.

हे १.६५ मिलिटेस्ला येतात अतिसंवाहक मॅग्नेटच्या वेटोळ्यात अडकून राहिलेल्या फ्लक्समधून. वीजपुरवठा शून्य अँपिअर दाखवतो, मॅग्नेट शून्यावर नसतो. मोठ्या क्षेत्रातून परत आलेला मॅग्नेट एक-दोन मिलिटेस्ला धरून बसतो ही नेहमीची गोष्ट आहे. पृथ्वीच्या क्षेत्राला दोष देऊ नका. ते आपल्याकडे एकूणच सुमारे ०.०४ मिलिटेस्ला, त्यातही चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्यामुळे गोव्यात त्याचा उभा घटक आणखी कमी. (थुंब्याला रॉकेट केंद्र उभारलं ते याच विषुववृत्तासाठी.) उपाय दोन. सॅम्पल टीसीच्या वर ठेवून मॅग्नेटला उलटसुलट, कमी होत जाणारी क्षेत्रं द्या: १ टेस्ला, मग −०.७, ०.५, −०.३, असं करत शून्यावर या. नाहीतर मॅग्नेटचं वेटोळं त्याच्या स्वतःच्या टीसीच्या वर गरम होऊ द्या, अडकलेलं सगळं निघून जातं. क्लोज्ड-सायकल क्रायोस्टॅट (विजेच्या कॉम्प्रेसरवर थंड राहणारा) असेल तर हा दुसरा उपाय मिरगाच्या पावसात आपोआपच होतो: वीज जाते, कॉम्प्रेसर थांबतो, मॅग्नेट तापतो, आणि परत थंड केल्यावर शून्य दुसरीकडेच असतं. म्हणून एकाच बाजूचं स्कॅन कधीच घेऊ नका. दर थंड करण्यानंतर दोन्ही बाजू मोजा, मधोमध शून्य धरा आणि मगच आलेख काढा.

खळगे जुळत नाहीत अशी तक्रार आली की आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. जाळी खरंच चौकोनी आहे का? त्रिकोणी जाळीत घराचं क्षेत्रफळ लहान, त्यामुळे तेवढ्याच अंतराला मॅचिंग फील्ड १५ टक्क्यांनी जास्त येतं. आणि सॅम्पल कललंय का? फिल्मला लंब असलेला घटकच मोजला जातो, पण पाच अंशांच्या कलाने अर्धा टक्काही फरक पडत नाही, तेव्हा कलाकडे बोट दाखवून दहा टक्क्यांची चूक झाकता येत नाही. जाळीचं अंतर एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) पन्नास घरं एकदम मोजून काढा. व्यासही तिथेच मोजा; डिझाइनमधला आकडा कोरणीनंतर खरा राहत नाही.

आता मूळ प्रश्न. मॅचिंग फील्डला रोधात खळगा पडला म्हणजे पिनिंग सिद्ध झालं, असं बरेच प्रबंध गृहीत धरतात. ते चूक आहे. एकाच जागी खळगा पाडणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, आणि तुमचं सॅम्पल दोघींच्या सीमेवर उभं आहे.

पहिली यंत्रणा पिनिंगची. अब्रिकोसॉव्हने १९५७ मध्ये दाखवलेले फ्लक्सचे भोवरे फिल्ममध्ये शिरतात आणि प्रवाह त्यांना आडवं ढकलतो. भोवरे सरकले की व्होल्टेज येतं. छिद्रात बसलेल्या भोवऱ्याला गाभ्यासाठी अतिसंवाहकता मोडावी लागत नाही, म्हणून तो तिथून सहज हलत नाही. भोवरे आणि छिद्रं यांची संख्या नेमकी जुळली की सगळेच जागी बसतात, एकमेकांना ढकलतही नाहीत, आणि रोध घटतो. छिद्रांच्या अॅल्युमिनियम फिल्ममध्ये क्रांतिक प्रवाहाची (रोध न येता वाहू शकणाऱ्या सर्वात मोठ्या प्रवाहाची) शिखरं फायोरी, हेबार्ड आणि सोमेख यांनी १९७८ मध्येच दाखवली होती.

दुसरी यंत्रणा लिटल आणि पार्क्स यांच्या १९६२ च्या प्रयोगातली. तिथे भोवरा नसतोच. छिद्राभोवतीचा पदार्थ म्हणजे एक कडं. कड्यातला फ्लक्स पूर्ण क्वांटम नसला तर त्याची भरपाई करायला कड्यात प्रवाह वाहतो, आणि त्या प्रवाहाच्या ऊर्जेने टीसीच खाली येतो. मॅचिंग फील्डला टीसी परत वर येतो. म्हणजे इथे मॅचिंग फील्डला काही सुधारत नसतं; दोन मॅचिंग फील्डांच्या मधे बिघडत असतं. आलेख मात्र दोन्हींचा सारखाच दिसतो.

कोणती यंत्रणा चालू आहे हे ठरतं दोन छिद्रांमधल्या पट्टीच्या रुंदीवर. पट्टी तापमानानुसारच्या कोहिरन्स लांबीच्या (साधारण भोवऱ्याच्या गाभ्याच्या आकाराच्या) १.८४ पटीपेक्षा अरुंद असेल तर तिच्यात भोवरा मावत नाही आणि सगळी फिल्म तारांच्या जाळ्यासारखी वागते. तुमची पट्टी ४०० वजा १८०, म्हणजे २२० नॅनोमीटर. स्पटर केलेल्या (आयनांच्या माऱ्याने उडवून थर बसवलेल्या) नायोबियमची शून्य केल्विनची कोहिरन्स लांबी १० नॅनोमीटर धरू. टीसीजवळ ती वाढते: एकातून तापमान-टीसी गुणोत्तर वजा करायचं, वर्गमूळ घ्यायचं आणि त्याने १० ला भागायचं. ८.५ केल्विनला ९३ नॅनोमीटर येतात, त्याची १.८४ पट १७१. पट्टी त्याहून रुंद, म्हणजे भोवरा मावतो. ८.५५ ला हाच आकडा २४१ होतो, म्हणजे मावत नाही. सीमा ८.५४ केल्विनच्या आसपास येते. तेव्हा तारांच्या जाळ्याचं राज्य फक्त टीसीखालच्या ६० मिलिकेल्विनचं, आणि तुमचं मोजमाप त्याच्या जेमतेम खाली. नकळत तापमान ५० मिलिकेल्विन चुकलं तरी तुम्ही दुसऱ्या राज्यात असता. पिनिंग म्हणणारे आणि लिटल–पार्क्स म्हणणारे दोघेही आपापल्या तापमानाला बरोबर आहेत!

इथे १० नॅनोमीटर हा आकडा मी धरलेला आहे. तुम्ही तो मोजून घ्या, आणि त्यासाठी त्याच चिपवर छिद्रं नसलेली एक साधी पट्टी असायलाच हवी. वेगळ्या चिपवरची चालत नाही. स्पटरिंगमध्ये चिपागणिक टीसी काही दशांश केल्विन इकडेतिकडे होतो. साध्या पट्टीवर वेगवेगळ्या क्षेत्रांत रोध-तापमान वक्र घ्या आणि वरच्या क्रांतिक क्षेत्राचा (ज्यापुढे अतिसंवाहकता उरत नाही त्या क्षेत्राचा) तापमानासमोरचा उतार काढा. फ्लक्स क्वांटमला दोन पाय (२π), टीसी आणि उतार यांच्या गुणाकाराने भागलं की कोहिरन्स लांबीचा वर्ग येतो. दर केल्विनला ०.३८ टेस्ला उतार आला तर १० नॅनोमीटर.

हाच उतार तिसऱ्या खळग्याचं कोडं सोडवतो. टीसीखाली ०.१ केल्विन म्हणजे ८.५ ला वरचं क्रांतिक क्षेत्र साधारण ३८ मिलिटेस्ला. तिसरं मॅचिंग फील्ड ३८.८. तिथे फिल्म जवळजवळ सामान्य धातू झालेली असते. जाळीत काही बिघाड नाही, फिल्मच उरत नाही. छिद्रांच्या कडांवर अतिसंवाहकता थोडी जास्त टिकते म्हणून पुसटशी खूण दिसूही शकते, पण तिच्यावर निष्कर्ष बांधू नका.

दुसरा खळगा उथळ का, हे छिद्रात किती क्वांटम मावतात त्यावर आहे. म्कर्तच्यान आणि श्मिट यांनी १९७२ मध्ये एका छिद्रासाठी दिलेला अंदाज असा: व्यास भागिले कोहिरन्स लांबीची चौपट. १८० ला ३७१ ने भागलं तर अर्ध्याखाली येतं, म्हणजे एक भोवरा बसतो, दुसऱ्याला जागा नाही. दुसरा चार छिद्रांच्या मधोमध जाऊन थांबतो. ती रचनाही सुबक असते, पंचेचाळीस अंशांत वळलेली चौकोनी जाळी, म्हणून दुसऱ्या मॅचिंग फील्डला खळगा पडतो. पण मधल्या भोवऱ्याला छिद्र धरत नाही, फक्त शेजारच्या भोवऱ्यांचा दाब धरतो, म्हणून तो उथळ. अशा मिश्र जाळ्या बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या संशोधक गटाने १९९५ मध्ये मोजमापांतून मांडल्या, आणि पुढच्याच वर्षी हाराडा, टोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी नायोबियमच्या फिल्मवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने भोवरे जागच्या जागी बसलेले प्रत्यक्ष दाखवले. दुसरा खळगाही खोल हवा असेल तर छिद्रं मोठी करा, पण मग पट्टी अरुंद होते आणि तुम्ही पुन्हा तारांच्या जाळ्याकडे सरकता. ही ओढाताण टळत नाही.

८.२ केल्विनला काही दिसत नाही, त्यालाही साधं कारण आहे. तिथे वरचं क्रांतिक क्षेत्र दीडशे मिलिटेस्लाच्या घरात, भोवरे घट्ट बसलेले, आणि तुमचा १० मायक्रोअँपिअर त्यांना हलवू शकत नाही. शून्य रोधात खळगा कसा दिसणार? अशा वेळी रोध सोडून क्रांतिक प्रवाह मोजायचा: दर क्षेत्राला प्रवाह वाढवत न्या, १ मायक्रोव्होल्ट आला की तो आकडा लिहा. आता मॅचिंग फील्डला खळग्याऐवजी शिखर दिसेल. प्रवाह थोड्या मिलिसेकंदांच्या ठोक्यांत द्या, नाहीतर संपर्क तापतात आणि तुम्ही फिल्मऐवजी हीटर मोजत बसता. टीसीच्या नव्वद टक्क्यांखाली मात्र फार आशा धरू नका. स्पटर केलेल्या नायोबियमच्या कणसीमा स्वतःच भोवरे धरतात आणि छिद्रांची शिखरं त्या गदारोळात बुडतात.

दोन यंत्रणा वेगळ्या काढायची सगळ्यात विश्वासू कसोटी म्हणजे पार्श्वभूमीचा आकार. दर क्षेत्राला टीसी काढा आणि टीसीची घसरण क्षेत्रासमोर मांडा. तारांच्या जाळ्यात ती क्षेत्राच्या वर्गाने वाढते. तुमच्या मापांना पहिल्या मॅचिंग फील्डला सुमारे ५, दुसऱ्याला २१, तिसऱ्याला ४८ मिलिकेल्विन. या वक्रतेतून पट्टीची रुंदीही उलट काढता येते, आणि ती एसईएमच्या २२० शी जुळली तर वाद संपला. घसरण सरळ रेषेत जायला लागली की पट्टीत भोवरे शिरलेत असं समजा. ‘छिद्रांची फिल्म साध्या फिल्मपेक्षा चांगली, म्हणून पिनिंग’ हा युक्तिवाद मात्र लंगडा आहे, कारण अरुंद पट्ट्यांचं क्रांतिक क्षेत्र मुळातच जास्त असतं. दुसरी कसोटी स्वस्त आहे: प्रवाह निम्मा करा आणि तेच स्कॅन परत घ्या. रोध हलला नाही तर तुम्ही रेषीय भागात आहात आणि टीसीचीच हालचाल बघताय. रोध आणि खळग्याची खोली दोन्ही बदलली तर भोवरे सरकताहेत.

मोजमापाची काळजी कुठे घ्यायची हे एका आकड्यावरून कळतं. अर्ध्या मॅचिंग फील्डला बारीक तारांच्या चौकोनी जाळ्याचा टीसी जास्तीत जास्त किती घसरतो? कोहिरन्स लांबी भागिले अंतर, त्याचा वर्ग, गुणिले ०.६२, गुणिले टीसी. तुमच्यासाठी ३.३ मिलिकेल्विन, पट्टी रुंद असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणजे स्कॅन चालू असताना तापमान ५ मिलिकेल्विन सरकलं तर सगळी नक्षी पुसली जाते. अर्धा मिलिकेल्विन स्थिरता हवी. ०.२ मिलिटेस्लाच्या पायऱ्या घ्या, दर पायरीला चार-पाच सेकंद थांबा. ±५० मिलिटेस्लाचं स्कॅन पाऊण तासाच्या आत होतं. लॉक-इनची (एकाच वारंवारतेचा बारीक सिग्नल वेगळा काढणाऱ्या यंत्राची) वारंवारता ५० हर्ट्झपासून आणि तिच्या पटींपासून दूर ठेवा, १७ किंवा ७७ चालते. पट्टी ५० मायक्रोमीटर रुंद असेल तर १० मायक्रोअँपिअर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४०० अँपिअर, टीसीजवळ हेही जास्त पडू शकतं.

छिद्रं पाडण्यात काय चुकतं ते थोडक्यात, कारण ते काम तुम्ही बाहेरून करून घेता. पण सॅम्पल नाकारायचं की घ्यायचं हे तुम्हालाच ठरवायचं असतं. लिथोग्राफीत बहुधा १०० मायक्रोमीटरची चौकट एकावेळी लिहिली जाते, आणि दोन चौकटींच्या सांध्यावर छिद्रं एकमेकांवर आली तर तिथे कमकुवत रेघ राहते. सगळं व्होल्टेज त्या रेघेवर पडतं आणि खळगे दिसेनासे होतात. व्होल्टेजच्या तारा एकाच चौकटीत येतील अशी आखणी मागा. जाळीच्या कडेची छिद्रं मधल्यांपेक्षा लहान येतात, कारण शेजारच्या छिद्रांकडून परतणारे इलेक्ट्रॉन तिथे कमी मिळतात. जाळी मोजायच्या भागाच्या बाहेर काही मायक्रोमीटर पसरलेली हवी. कोरणी अपुरी राहून तळाशी नायोबियमचा पातळ थर उरला तर छिद्र आंधळं होतं: भोवरा धरतं, पण कडं पूर्ण होत नाही, आणि वरचे कड्याचे हिशेब लागू पडत नाहीत. गॅलियमच्या आयन बीमने छिद्रं पाडायला कोणी सुचवलं तर पट्टी किमान पाव मायक्रोमीटर ठेवा, कडेला रुतलेलं गॅलियम नायोबियमचा टीसी पाडतं.

गोव्यातच करायचं तर ई-बीमचा नाद सोडा. ती हवीच असेल तर आयआयटी मुंबई आणि आयआयएस्सी बंगळूरच्या केंद्रांत आयएनयूपी (भारतीय नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता) कार्यक्रमातून बाहेरच्या विद्यार्थ्यांना काम करता येतं. इथल्या रसायनशाळेत जमण्यासारखा रस्ता म्हणजे सच्छिद्र अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड). मसुदा आणि सातोह यांनी १९९६ मध्ये दाखवलेली ही दोन टप्प्यांची पद्धत: ९९.९९९ टक्के शुद्ध अॅल्युमिनियमचा पत्रा चकचकीत करायचा, ०.३ मोलर ऑक्झॅलिक आम्लात ४० व्होल्टला, बर्फाच्या पाण्याएवढ्या थंड ठेवलेल्या भांड्यात काही तास ऑक्साइड वाढवायचा. तो पहिला थर ६ टक्के फॉस्फरिक आणि १.८ टक्के क्रोमिक आम्लात ६० अंशांना विरघळवून टाकायचा आणि त्याच व्होल्टेजला पुन्हा वाढवायचा. दुसऱ्या वेळेला छिद्रं रांगेत येतात. अंतर व्होल्टेजवर ठरतं, व्होल्टमागे अडीच नॅनोमीटर. ४० ला १००. मग ५ टक्के फॉस्फरिक आम्लात ३० अंशांना छिद्रं रुंद करत ६० नॅनोमीटरपर्यंत न्या, दर दहा मिनिटांनी तुकडा काढून एसईएममध्ये पाहा. चकचकीत करायला परक्लोरिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण वापरतात. ते १० अंशांखालीच ठेवायचं, आटू द्यायचं नाही, आणि या कामासाठी राखलेल्या धुराड्याबाहेर (फ्यूम हूडबाहेर) बाटलीही उघडायची नाही. हा भाग मार्गदर्शकाशिवाय करू नका.

यावर नायोबियम नायट्राइडचा २० ते ३० नॅनोमीटर थर स्पटर करा. छिद्रांवर पदार्थ पडत नाही, पण थर ५० नॅनोमीटरच्या वर गेला की तोंडं बुजायला लागतात. पट्टी ४० नॅनोमीटर, कोहिरन्स लांबी ५. मघाचा हिशेब केला तर तारांच्या जाळ्याचं राज्य टीसीखाली पाच टक्क्यांपर्यंत पसरतं, म्हणजे १२ केल्विन टीसीला ०.६ केल्विन. नायोबियमच्या ६० मिलिकेल्विनपुढे हे ऐसपैस. मॅचिंग फील्ड त्रिकोणी जाळीमुळे २३९ मिलिटेस्ला, त्यात मॅग्नेटचे दीड-दोन मिलिटेस्ला कुठच्या कुठे विरतात. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) अशा फिल्म्सवर काम झालेलं आहे. तोटा एवढाच की अॅल्युमिनात शिस्तीचे तुकडे मायक्रोमीटरभराचे, प्रत्येकाची दिशा वेगळी, त्यामुळे अपूर्णांकी मॅचिंग, अर्धं किंवा एक तृतीयांश, इथे शोधू नका. त्यासाठी ई-बीमच लागते.

इथल्या हवेचंही धरून चाला. जून ते सप्टेंबर दवबिंदू इतका वर असतो की एसी खोलीतून बाहेर आणलेल्या सॅम्पलवरही पाणी धरतं, थंड क्रायोस्टॅट उघडला तर काय होईल ते सांगायला नको. सॅम्पल ३०० केल्विनला आल्यावर, कोरडा नायट्रोजन भरूनच उघडा. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमच्या बाँडिंगच्या तारा आठवड्यांत पांढऱ्या पडतात. सॅम्पल सिलिका जेलच्या डबीत ठेवा, जेल गुलाबी झालं की लगेच भाजून घ्या, आणि मोजायच्या आदल्या दिवशीच तारा जोडा.